सगळे गप्प बसा

टेपवाल्याचं रोज सकाळचं पहिलं काम म्हणजे रिकाम्या हॉलचं एक मिनिट टेप करून ठेवणं. नवख्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचाच. कुणी गात नाही, कुणी बोलत नाही, मग टेप कशाची करता म्हणे! पण त्यामागे अक्कल होती. गाणं चालू असताना मधेच कुणी खोकलं, खुर्ची करकरली, की तेवढा तुकडा कापायचा आणि त्या जागी त्याच हॉलची शांतता जोडायची. दुसऱ्या हॉलची चालत नाही, कानाला लगेच खटकते. प्रत्येक खोलीची गप्प बसण्याची आपापली तऱ्हा असते असं तो म्हणायचा, आणि बावीस वर्षं या एकाच हॉलमध्ये काढल्यामुळे त्याला तसं म्हणायचा हक्कही होता.

या हॉलची शांतता मात्र त्याला कधी निखळ मिळाली नव्हती. वरच्या झरोक्यात चिमण्यांनी घरटी केली होती आणि उजाडल्यापासून त्यांचा नुसता कालवा चालायचा. मागच्या बाजूने ओढा वाहायचा, त्याची बारीक खळखळ भिंतीतून आत झिरपायची. वारा सुटला की आवारातल्या उंच झाडांची सळसळ. टेपवाला पार वैतागायचा. दाराशी बसणारे वॉचमनकाकाही चिमण्यांवर खार खाऊन असत, कारण त्या दुपारी डोळ्याला डोळा लागू देत नसत. काका खिशात कापसाचे बोळे ठेवायचे, ते कानात घालायचे आणि मग खुर्चीतच डुलक्या काढायचे.

अशात एके दिवशी मॅनेजर नाचतच आला. बाई गाणार होत्या! बाई म्हटलं की पुरे, कुठल्या बाई हे कुणाला विचारावं लागत नसे. अकरा वर्षांपूर्वी भर मैफलीत त्यांचा आवाज गेला होता. गेला म्हणजे अगदी गेला, तोंड उघडं आणि आत काही नाही. त्यानंतर त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं. आता म्हणे आवाज परत आला होता. कार्यक्रमात फक्त निसर्गाचं गाणं, शब्द एकही नाही, नुसते सूर. चार बंदिशी : पक्षी, पाणी, वारा, मधमाश्या. आधीचे चार दिवस तालमी, रोज एका बंदिशीची, आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम.

पहिल्या दिवशी बाई थेट टेपवाल्याच्या काचेमागच्या खोलीत आल्या. वाळक्या, उंच, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. बोलताना त्यांचा आवाज इतका खोल जाई की समोरच्याला पुढे वाकावं लागे.

"तुमच्याकडे इथल्या पक्ष्यांच्या, पाण्याच्या टेपा आहेत म्हणे?"

"आहेत चार. पण जुन्या आहेत, बाई. हौसेनं केलेल्या."

"मला ऐकायच्यात. कॉपी नको. मूळ द्या."

आता इथेच टेपवाला चुकला, आणि त्याच्या धंद्यातल्या माणसानेच करावी अशी ती चूक होती. त्या टेपा त्याच्या घरी, बायकोच्या उशाशी असत. दुसऱ्या कुणी मागितल्या असत्या तर त्याने साफ नाही म्हटलं असतं. पण 'मूळ द्या' म्हणणारं माणूस त्याला बावीस वर्षांत भेटलं नव्हतं. कॉपीत वरची बारीक झाक मरते हे कळणारं! त्याची छाती फुगली. देतो म्हणाला.

त्या टेपांची गोष्ट सांगायला हवी. टेपवाल्याला एक मुलगी होती. घरात तिला ठकू म्हणत. सहा वर्षांची असताना ती बापाबरोबर ओढ्याकाठी हिंडायची, मशीनची पिशवी ओढत. रेकॉर्डिंगचा एक रिवाज असतो : टेप सुरू झाली की आधी माणसाने नंबर, विषय सांगायचा, म्हणजे पुढे घोळ होत नाही. याला हे लोक पाटी देणं म्हणतात. पाटी देण्याचं काम ठकूने बापाकडून हट्टाने काढून घेतलं होतं.

पहिल्या टेपवर ती म्हणते, "टेप नंबर एक. पक्षी. सगळे गप्प बसा!" दुसरीवर, "टेप नंबर दोन. पाणी. बाबा, तुम्ही पण गप्प." तिसरीवर, "टेप नंबर तीन. वारा. अजून आलाच नाहीये वारा." आणि चौथीवर, जरा दुरून, "टेप नंबर चार. मधमाश्या. मी लांब उभी आहे."

ठकू नवव्या वर्षी गेली. ताप आला आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. याला तीन वर्षं झाली होती. फोटो बायकोने ट्रंकेत घालून कुलूप लावलं, ते तिला बघवेनात. मग तिला पोरीचा आवाज हवासा झाला, आणि तेव्हा टेपवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. साऱ्या गावाचे आवाज जपून ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या पोरीचा आवाज मुद्दाम असा कधी टेपच केला नव्हता. घरचीच तर आहे, कुठे पळून जातेय, असं वाटत राहिलं. होत्या त्या चार पाट्या. त्याने मोजलं होतं, सगळ्या मिळून सव्वीस सेकंद.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन ती मशीनपाशी बसायची आणि ते सव्वीस सेकंद ऐकायची. पाटी संपली तरी टेप बंद करायची नाही. पक्षी ऐकायची, पाणी ऐकायची. तिथे ठकू गप्प उभी आहे, बोलत नाही एवढंच, असं म्हणायची. मग उठून स्वयंपाकाला लागायची. तेवढ्यावर ती जगत होती, हे टेपवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

तरीही बायको दुकानात जायच्या आत घरी जाऊन त्याने टेपा नेल्या. मशीनचं हेड खराब झालंय, टेपा हॉलवर साफ करून आणतो, अशी थाप मारली. बाईंकडे देताना पाट्या कापून टाकाव्यात असं त्याच्या मनातही आलं नाही. पाटी कापायची नसते. दुपारभर बाई हेडफोन लावून त्या चारही टेपा ऐकत बसल्या. परत देताना म्हणाल्या, "ही मुलगी कोण?"

"माझी."

"पेटीवरच्या काळी चारचा सूर आहे तिचा. अगदी नेमका. केवढी आहे आता?"

"नाहीये आता," टेपवाला म्हणाला.

बाईंनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं की नाही, ते त्याला चेहऱ्यावरून कळलं नाही.

संध्याकाळी पहिली तालीम झाली. रंगमंचावर बाई, तंबोरा आणि एक पेटीवाला, बस्स. खुर्च्यांत वॉचमनकाका आणि मॅनेजर. टेपवाला काचेमागे हेडफोन लावून. पक्ष्यांची बंदिश सुरू झाली आणि त्याचा हात बटणावरच राहिला. नक्कल नव्हती ती. तोंडाने शीळ घालणारे, पक्ष्यांचे आवाज काढणारे त्याने ढिगाने पाहिले होते. इथे बाई नुसत्या आलाप घेत होत्या, पण त्या आलापात चिमणी होती, पहाट होती, पंख झटकल्यासारखी एक बारीक तान होती. मॅनेजरने डोळे पुसले. टेपवालाही खूश झाला. असं रेकॉर्डिंग जन्मात एकदा मिळतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रिकाम्या हॉलचं मिनिट टेप केलं आणि ते निखळ निघालं. एक किलबिल नाही. पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. मग त्याने वर पाहिलं. चिमण्या झरोक्यातच होत्या. एकीची चोच उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. आवाज नव्हता.

तो बाहेर आला. "काका, चिमण्यांना काय झालंय हो? ओरडत नाहीत त्या."

"चिमण्या?" काका म्हणाले. "त्या कधी ओरडतात होय?"

टेपवाल्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण काकांनी तपकिरीची डबी काढायला खिशात हात घातला, तर कापसाचे बोळे हाताला लागले. त्यांनी ते तळव्यावर घेऊन निरखले. "आणि हा कापूस मी कशाला बाळगतोय कोण जाणे," म्हणाले आणि दोन्ही बोळे कचऱ्याच्या टोपलीत टाकले.

त्या संध्याकाळी पाण्याची तालीम झाली. घरी जाताना टेपवाला ओढ्याच्या पुलावर थांबला. पाणी दगडांवरून उड्या मारत होतं, फेस येत होता. तो कठड्यावरून वाकला, कान दिला. काही नाही.

घरी बायको मशीनपाशी बसली होती. "काय साफ केल्यात हो टेपा? यात काही ऐकूच येत नाही."

त्याने झडप घालून हेडफोन घेतले. "टेप नंबर एक. पक्षी. सगळे गप्प बसा!" ठकू म्हणाली, आणि पुढे नुसती टेपची फुसफुस. दुसरी लावली. "बाबा, तुम्ही पण गप्प." पुढे फुसफुस. तिसरीवर वारा होता. चौथीवर मधमाश्या होत्या.

"पोरीचं आहे ना सगळं जागच्या जागी?" बायकोने विचारलं.

"आहे. पोरीचं आहे."

"मग जाऊ दे पाणी. पण पुन्हा या टेपांना हात लावलात ना, तर बघा."

टेपवाला नेमस्त माणूस होता, भुताखेतांवर विश्वास नसलेला. त्याने हिशेब मांडून पाहिला. लोहचुंबकाजवळ टेप राहिली तर पुसते, पण मग पाटीही पुसायला हवी. नेमके पक्षी पुसले जातात आणि त्यांच्या आधीची पोर राहते, असं चुंबक जगात नाही. त्याने रजिस्टर काढून चारही पाट्या शब्दन् शब्द लिहून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे बायको उठायच्या आत त्याने चारही टेपांच्या कॉपी केल्या आणि कपाटात दडवल्या.

तिसऱ्या दिवशी वारा गेला. आवारातली झाडं कमरेतून वाकत होती, पानं उडत होती, आणि सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं मुकाट. पेटीवाला फाटकाशी विडी ओढत उभा होता. टेपवाल्याने त्याचा दंड धरला. "तुम्हाला ऐकू येतंय का काही? झाडांचं?"

"झाडांचं काय ऐकायचं?" पेटीवाला हसला. "फार जागरण होतंय वाटतं तुमचं."

तेव्हा टेपवाल्याच्या लक्षात आलं. काका, मॅनेजर, पेटीवाला, तिघांनी बाईंचं गाणं उघड्या कानांनी ऐकलं होतं. त्याने एकदाही नाही. तो काचेमागे होता, तारेतून ऐकत होता. म्हणून त्यालाच आठवत होतं की चिमण्या ओरडतात. असं का, ते त्याला सांगता आलं नसतं. पण एवढं खरं होतं.

चौथ्या दिवशी, मधमाश्यांच्या तालमीआधी, तो बाईंच्या खोलीत गेला. बाई आरशासमोर बसल्या होत्या, पण आरशात पाहत नव्हत्या.

"बाई, तुम्ही हे काय करताय?"

"गातेय," बाई म्हणाल्या.

"तुम्ही जे गाता ते जातंय. कुणाला आठवतही नाही ते होतं म्हणून."

त्यांनी केसांची गाठ आणखी घट्ट केली. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं माझ्या गळ्यात काही नव्हतं. तुम्हाला नाही कळायचं ते. सकाळी उठायचं, तोंड उघडायचं आणि रिकामं. मग एक दिवस ऐकलेलं गळ्यात यायला लागलं. मी काही घेत नाही हो. ते येतं आणि राहतं."

टेपवाल्याने हात जोडले. आयुष्यात कधी कुणापुढे जोडले नव्हते. "माझ्या पोरीचं गाऊ नका. पक्षी न्या, पाणी न्या, मला काही देणंघेणं नाही. तेवढं सोडा. माझी बायको मरेल."

"कार्यक्रमात चारच बंदिशी आहेत," बाई म्हणाल्या. "छापून आलंय."

त्याने त्या शब्दाला घट्ट धरलं. दुसरं होतं काय त्याच्याकडे?

घरी पोचला तर बायको दारातच. हातात पहिल्या रांगेतलं तिकीट आणि बाईंच्या अक्षरातली दोन ओळींची चिठ्ठी : तुमच्या मुलीच्या टेपांनी मला फार दिलं, आपण यावं.

"माझ्या पोरीचा आवाज वाटत फिरता तुम्ही?" तिने विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "साफ करायला नेतो म्हणालात. माझ्याशी खोटं बोललात, तेही तिच्यावरून!"

"चुकलो. पण तू उद्या येऊ नकोस. पाया पडतो तुझ्या."

"का? काय आहे तिथे?"

काय सांगणार? त्याने सांगितलं तेही धड सांगता आलं नाही. चिमण्या, ओढा, कापसाचे बोळे. बायको त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. "तुम्हाला तिच्यापायी वेड लागायचं राहिलंय फक्त," ती म्हणाली. "मी येणार. माझ्या लेकीचं ऐकून जिने गाणं बसवलं, तिला मी बघणार."

पाचव्या दिवशी संध्याकाळी हॉल खच्चून भरला. टेपवाल्याच्या खोलीत भिंतीवर धोक्याच्या घंटेचं लाल बटण होतं. बावीस वर्षांत त्याने त्याला कधी हात लावला नव्हता. आज खुर्ची ओढून तो त्याच्या शेजारीच बसला. ठरलं होतं त्याचं. पाचवी बंदिश सुरू झालीच तर बटण दाबायचं. लोक पळतील, हॉल रिकामा होईल, नोकरी जाईल, जाऊ दे. पहिल्या रांगेत बायको दिसत होती, पाठ ताठ, हात मांडीवर.

चार बंदिशी झाल्या. लोक डोलत होते, रडत होते. शेवटच्या मधमाश्या हळूहळू विरल्या आणि टाळ्या सुरू झाल्या. टेपवाल्याने घाम पुसला. सुटलो, त्याला वाटलं. सुटलो बाबा एकदाचे.

टाळ्या थांबेनात. "आणखी एक!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडू लागले.

बाईंनी हात वर केला.

"आणखी एक आहे," त्या म्हणाल्या. "लहानसं आहे."

पेटीवाल्याकडे वळून त्यांनी सूर सांगितला. हेडफोनमध्ये टेपवाल्याला तो स्वच्छ ऐकू आला. काळी चार.

त्याचं बोट बटणावर गेलं.

बाईंनी डोळे मिटले. पहिला स्वर लागला आणि तो ठकूचा होता. शब्द नव्हता, पण ठकूच होती. सहा वर्षांची, पिशवी ओढणारी, दमलेली. मग ती हसली. टेपवर ती कुठेच हसली नव्हती. मग तिने हाक मारली, स्वयंपाकघरातून मारायची तशी, शेवट लांबवून. तापातलं कण्हणं नव्हतं त्यात. होतं ते सगळं आधीचं, सव्वीस सेकंदांच्या बाहेरचं, जे कुणी कधी टेप केलं नव्हतं.

पहिल्या रांगेत बायको उभी राहिली होती.

तिची मान किंचित वर होती. ओठ उघडे होते. तीन वर्षांत टेपवाल्याने तो चेहरा पाहिला नव्हता. खरं तर त्याआधीही इतका उजळलेला कधी नाही.

दाब, तो स्वतःला म्हणाला. दाब की.

बोट बटणावर होतं. दाबायला काय लागतं? मुंगीचा जोर पुरला असता. पण ती तिथे उभी होती, आणि तिची लेक तिला हाका मारत होती, आणि हे आपल्या हाताने तोडायचं त्याला जमेना.

त्याने बोट मागे घेतलं.

हेडफोनमधून ऐकू येत होतं ते तारेतून आलेलं होतं. वरची बारीक झाक मेलेलं. कॉपी.

त्याने हेडफोन काढून ठेवले. काचेचं दार उघडलं.

आणि उघड्या कानांनी तो आपल्या पोरीला ऐकत राहिला, संपेपर्यंत.

घरी दोघं चालतच गेले. बायको त्याच्या दंडाला धरून चालत होती, कितीतरी दिवसांनी. "छान गातात हो," ती म्हणाली. "शेवटचं काय होतं ते? काही लक्षात राहिलं नाही, पण मन कसं हलकं झालं." पुलाखालून ओढा मुकाट वाहत होता. टेपवाला मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होता : सगळे गप्प बसा, सगळे गप्प बसा. घोकणारा आवाज त्याचा स्वतःचाच होता. दुसरा आवाज तो आठवू पाहत होता आणि तो येत नव्हता.

घरात शिरताच त्याने चपलाही न काढता मशीन लावलं. पहिली टेप. फुसफुस. दुसरी, तिसरी, चौथी. कपाटातून कॉपी काढल्या. फुसफुस. बायकोने आतून चहाचे कप आणले आणि त्याच्या शेजारी बसली.

"बंद करा की ते. नुसतं काय ऐकताय?"

"ठकूच्या पाट्या आहेत यावर. होत्या."

"कसल्या पाट्या?"

त्याने रजिस्टर उघडलं. अक्षर त्याचंच होतं. त्याने मोठ्याने वाचलं, "टेप नंबर चार. मधमाश्या. मी लांब उभी आहे." वाचून त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. "ठकू बोललीय हे. आपली ठकू."

बायकोने कप खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा शांत होता. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"किती त्रास करून घ्याल स्वतःला?" ती म्हणाली. "मलाही वाटायचं हो, एकदा तरी आई म्हणून हाक मारावी तिने. पण आपली पोर कुठे बोलायची? जन्मापासून मुकीच नव्हती का ती?"

"नाही," टेपवाला म्हणाला. "नाही गं. ती बोलायची. तुला आठवत नाही."

"बरं," ती हळूच म्हणाली, आजाऱ्याशी बोलावं तसं. "पण सगळं कसं समजावून सांगायची ना हातांनी? तुम्हीच तर शिकवल्यात तिला खुणा. झोपायच्या आधी दाराशी येऊन रोज करायची ती आठवते?"

तिने दोन बोटं ओठांवर टेकवली. मग तळवा छातीवर ठेवला, आणि सावकाश त्याच्याकडे उलटा केला.

असली खूण त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. शपथेवर सांगितलं असतं त्याने. ते सांगायला त्याने तोंड उघडलंही.

तेवढ्यात त्याचा उजवा हात मांडीवरून आपोआप वर आला. त्याची दोन बोटं ओठांना लागली, मग कपाळाला, आणि मग मूठ मिटून तो हात छातीशी येऊन थांबला.

"हां," बायको हसून म्हणाली. "आणि तुम्ही असं करायचात."